एमएस आणि व्यायाम : ठाणे-नवी मुंबईत कोण, कुठे, कसा करतं?

वेलदोडा
नमस्कार मंडळी. ज्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार) आहे किंवा ज्यांच्या घरात कुणाला आहे, अशा ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हा धागा काढतेय. इतरांनीही जरूर लिहा.

माझं वय ३४, राहायला घोडबंदर रोडला. आजार रिलॅप्सिंग-रेमिटिंग प्रकारचा, म्हणजे मध्येच झटका येतो आणि बराचसा ओसरतो. औषधं नियमित चालू आहेत. न्यूरॉलॉजिस्ट प्रत्येक भेटीत सांगतात, 'व्यायाम करा.' कोणता, किती, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं. घरी आई आणि सासूबाईंचं मात्र यावर पक्कं एकमत : 'पडून राहा, जिवाला जप.' सोसायटीच्या जिममधल्या ट्रेनरने आधी एमएस म्हणजे काय ते मलाच विचारून घेतलं आणि मग सगळ्यांना चढवतो तसं मलाही ट्रेडमिलवर चढवलं. थोड्या वेळाने डावं पाऊल घासायला लागलं, उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. घाबरून बंद केलं ते अजून बंदच आहे.

तर प्रश्न असा की आपल्या भागात एमएसवाल्यांसाठी नीट आखलेला, कुणीतरी समजून घेणारं असलेला व्यायामाचा कार्यक्रम कुठे चालतो का? नसेल तर तुम्ही काय करता? आणि ते डोळ्यापुढचं धुकं म्हणजे नवा झटका समजायचा का?

जुना नौपाडकर
वेलदोडा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच जास्त घाबरवतो. अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं वर येतात आणि अंग थंड झालं की जातात. विल्हेल्म ऊथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नेमकं हेच नोंदवलं होतं : श्रम केल्यावर रुग्णांची नजर अंधूक होते आणि विश्रांतीनंतर परत येते. त्याचंच नाव या प्रकाराला मिळालं. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण जिथे झिजलंय, तिथून संदेश आधीच कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. नवी इजा झालेली नसते. नवं किंवा वाढलेलं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग नसला, तर मात्र डॉक्टरांना फोन करायचा.

आता तुमच्या आईंच्या आणि सासूबाईंच्या बाजूने एक शब्द. त्या मनाचं काही सांगत नाहीयेत. माझं निदान नव्वदीच्या सुरुवातीला झालं तेव्हा मलाही चांगल्या, अनुभवी डॉक्टरांनी 'दमू नका' असंच बजावलं होतं. उष्णतेने लक्षणं वाढतात हे इतकं ठाऊक होतं की एमआरआय येण्याआधी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत असत. मग व्यायामाला कोण पाठवणार? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या मंडळींनी एमएसच्या रुग्णांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं, हात आणि पाय दोन्हींनी चालवायच्या सायकलवर बसवलं. त्यांचा दमसास वाढला, ताकद वाढली आणि आजार बळावला नाही. तिथून वारं फिरलं. माझ्यापर्यंत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली आणि तेवढ्यात माझ्या मांड्या पार वितळल्या होत्या. त्या वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो, थांबू नका.

पिंपळपान
एमएस नाही, पण धागा वाचतेय. नौपाडकर काका, फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली आहे.

फिजिओ_नेरूळ
मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे. इथे कुणाला तपासल्याशिवाय वैयक्तिक सल्ला देणार नाही, पण कामाची चौकट सांगते.

किती, याला उत्तर आहे. कॅनडाने २०१३ मध्ये सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम जोराचा, दम वाढवणारा व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम. बस, एवढंच. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीच्या तज्ज्ञांनी आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट ठेवलं, त्यात घरकाम आणि बाजारहाटातली हालचालही धरता येते. तिथवर हळूहळू आणि ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे पोचायचं, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. ज्याने काहीच केलेलं नाही त्याने कॅनडाच्या आकड्याच्याही बऱ्याच खालून सुरुवात करावी. पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं बसणं, पुन्हा पाच मिनिटं. मधल्या विश्रांतीत अंग थंड होतं, म्हणून सलग वीस मिनिटांपेक्षा अशी तुकड्यातुकड्यांची वीस मिनिटं झेपतात.

जोर किती लावायचा हे नाडीवरून ठरवू नका. एमएसमध्ये काही जणांची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढतच नाही आणि काही औषधांचाही तिच्यावर परिणाम होतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. बोलणंच तुटायला लागलं की कमी करा.

माझ्याकडे कुणी आलं की आधी मोजमाप होतं. सहा मिनिटांत किती मीटर चालता, आणि खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला किती सेकंद लागतात. शिवाय दिवसाच्या कोणत्या वेळी थकवा चढतो तेही विचारते. वेलदोडा, तुमचं पाऊल थकल्यावर घासतं, म्हणजे घोटा वर उचलणारे स्नायू लवकर दमतात. हे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर जोरात चालून सुटत नाही. घोट्याचा आणि मांडीचा वेगळा व्यायाम लागतो, पोटरीचा ताण काढावा लागतो, आणि काहींना पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो. स्प्लिंट लावला म्हणजे आजार वाढला, असं मनात आणू नका. पडून मनगट मोडण्यापेक्षा तो बरा.

झटका चालू असताना किंवा स्टेरॉइडचा कोर्स चालू असताना व्यायामाचा हट्ट नको. ते दिवस सरले की जिथे सोडलं होतं त्याच्या खूप मागून पुन्हा सुरू करायचं.

डंबेल
मला एमएस नाही, माझ्या मित्राला आहे आणि आम्ही कोपरखैरण्यात एकत्र जिम करतो. माझं स्पष्ट मत : लोक या पेशंट्सना फार घाबरवतात. 'जपून', 'हळू', 'पाच मिनिटं बस' असं म्हणत म्हणत माणूस खचतो. थकवा निम्मा मनाचा असतो. मन घट्ट करून थकव्याच्या पलीकडे गेलं की शरीर मागून येतं. मित्राला मी सोडत नाही, रोज ओढून नेतो.

चिंचेची बोटुकं
@डंबेल, तुमच्या मित्रप्रेमाबद्दल आदर ठेवून लिहिते, पण 'थकवा मनाचा असतो' हे वाक्य कृपया त्याच्यापुढे उच्चारू नका. मी ऐरोलीत शाळेत शिकवते. तास संपेपर्यंत फळ्यावर लिहिणारा हात खाली येतो. तो दमल्यामुळे येत नाही, आज्ञाच पोचत नाही. रात्री आठ तास झोपूनही सकाळी अंगात शिसं भरल्यासारखं असतं. हा थकवा मज्जासंस्थेचा आहे. एमएसमधलं ते सगळ्यात जास्त आढळणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे आणि बाहेरून कुणालाच दिसत नाही.

माझा हिशेब मी असा ठेवते : आमच्या इमारतीच्या टाकीत सकाळी एकदाच पाणी चढतं, ते रात्रीपर्यंत पुरवायचं असतं. ज्या दिवशी व्यायाम, त्या दिवशी वह्या तपासणं नाही. जोर लावून टाकी मोठी होत नाही. महिनोन्‌महिने थोडं थोडं केल्यावर मात्र होते, हे मी स्वतः अनुभवलंय. तुम्ही 'पलीकडे जा' म्हणून सांगाल आणि मित्र घरी जाऊन दोन दिवस उठणार नाही. ते तुम्हाला दिसणारही नाही, कारण त्या दोन दिवसांत तो जिमला आलेलाच नसेल.

कळव्याचा भाचा
चिंचेची बोटुकं, शेवटच्या वाक्याला सलाम.

डंबेल
@चिंचेची बोटुकं, तुमचं वाचून काल रात्री मित्राला विचारलं. तो म्हणाला, 'शनिवार-रविवार मी तुझा फोन का उचलत नाही असं तुला वाटतं?' आता आठवड्यातून दोन दिवस जायचं ठरलंय, मध्ये सुट्टी.

पण माझा एक मुद्दा मी सोडणार नाही. त्याला आधीच्या ठिकाणी वर्षभर फक्त गुलाबी रबरबँड ताणायला दिला होता. त्याने कुणाची ताकद वाढणार? मी त्याला वजन वाढवत नेलं आणि आता तो जिना कठड्याला न धरता चढतो. जपण्याच्या नावाखाली पेशंटला अगदीच लुटुपुटीचं काम द्यायचं, हेही चूकच ना?

फिजिओ_नेरूळ
डंबेल, या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्याबरोबर आहे. ताकदीच्या व्यायामात १० ते १५ आवर्तनांनंतर स्नायूला काम झाल्याचं कळलं पाहिजे, आणि ते सोपं झालं की वजन वाढलंच पाहिजे. आमच्याच व्यवसायात भीतीपोटी कमी देणारे खूप आहेत. फक्त मोजायचं कसं ते सांगते : व्यायामानंतर थोडा आराम केल्यावर माणूस पूर्वपदावर आला तर मात्रा बरोबर. दुसऱ्या दिवशीचं जेवणखाण, ऑफिस बिघडलं तर मात्रा जास्त.

आणि घरच्यांची समजूत घालायला एक गोष्ट उपयोगी पडते. २०१४ मध्ये २६ चाचण्या एकत्र करून एक आढावा घेतला गेला. त्यात व्यायाम करणाऱ्या गटात झटक्यांचं प्रमाण ४.६ टक्के आणि न करणाऱ्या गटात ६.३ टक्के होतं. व्यायामाने झटके टळतात असा दावा यावरून करू नका, पण व्यायामाने झटके येतात ही भीती मात्र काढून टाका.

वेलदोडा
हे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाली, 'बरं, पण उन्हात जाऊ नकोस.' सासूबाई म्हणाल्या, 'आणि रिकाम्या पोटी नको.' एकमत कायम आहे, पण आता ते माझ्या बाजूने!

ट्रान्सहार्बर
उन्हाचा विषय निघालाच आहे तर. पुस्तकातले सल्ले थंड देशांतले असतात. आपल्याकडे मे महिना आणि ऑक्टोबर सोडाच, जुलैतसुद्धा घाम सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. त्यामुळे ३० मिनिटं व्यायाम सांगितला तर त्याच्या आधी-नंतरची तयारी आपली आपणच करावी लागते. मी काय करतो : सकाळी सहाच्या आत किंवा एसीत. आधी गार पाण्याने अंघोळ, निदान हातपाय तरी. मानेला ओला नॅपकिन. बाटलीत बर्फ टाकलेलं पाणी, घोट घोट व्यायाम करतानाच. जिममध्ये पंख्यासमोरची सायकल मिळेपर्यंत थांबतो. कूलिंग जॅकेट बाहेर मिळतात, महाग असतात. ओल्या सुती टी-शर्टाने माझं भागतं.

लघवी सारखी लागते म्हणून पाणी कमी पिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तसं करू नका, संसर्ग होतो, ताप येतो आणि मग सगळीच लक्षणं उफाळतात.

थोडं अवांतर : मी ठाणे-वाशी लोकलने जातो. दिव्यांगांच्या डब्यात चढलो की रोज कुणीतरी वरपासून खालपर्यंत बघतं, कारण मी धडधाकट दिसतो. एकदा एका काकांनी भर डब्यात खाली उतरायला सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. ज्यांनी अजून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज केला नसेल त्यांनी करा. प्रवासात उभं राहून जी शक्ती जाते ती व्यायामासाठी उरत नाही, म्हणून हे मला विषयाला धरूनच वाटतं.

चिंचेची बोटुकं
अजिबात अवांतर नाही. सकाळी ऐरोली स्टेशनचा जिना हाच माझा व्यायाम ठरतो, मग संध्याकाळी कसला व्यायाम?

कळव्याचा भाचा
माझ्या मामांना एमएस आहे. ते योगासनांनी आणि प्राणायामाने पूर्ण बरे झाले. एका शिबिरात त्यांना सांगितलं की इंजेक्शनं बंद केली तरी चालेल. सगळ्यांनी करून बघा.

जुना नौपाडकर
भाचेबुवा, तळमळीने सांगतो. मामांना बरं वाटतंय याचा आनंद आहे. योगाने थकवा कमी होतो, तोल सुधारतो, मन शांत राहतं. मी स्वतः खुर्चीवर बसून आसनं करतो. पण हा आजार उलटसुलट चालतो. झटका ओसरल्यावर महिनोन्‌महिने काहीच वाटत नाही आणि आतमध्ये एमआरआयला दिसेल असं नुकसान चालू असू शकतं. इंजेक्शन त्यासाठी असतं, आजच्या दुखण्यासाठी नाही. काही औषधं तर अचानक बंद केली की आजार उसळून येतो. मामांना आजच न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जा. योगा चालू ठेवू दे, औषधही चालू ठेवू दे. आणि बंद खोलीत, गरम हवेत घाम काढायचे जे योगाचे प्रकार असतात ते आपल्यासाठी नाहीत.

कळव्याचा भाचा
काका, मामींशी बोललो. इंजेक्शन बंद केल्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतली आहे. धन्यवाद.

खारघरवासी
चालायच्या जागांबद्दल कुणी लिहिलंच नाही! खारघरचं सेंट्रल पार्क भरपूर मोठं आहे, सकाळी मस्त वाटतं.

वेलदोडा
आम्हाला उपवन जवळ पडतं. तलावाकाठी वारा असतो.

जुना नौपाडकर
मोठ्या जागेत एक अडचण असते. माणूस ताज्या दमात लांब जातो आणि परतायचं अंतर तेवढंच शिल्लक असताना पाय बंद पडतात. आपल्यासाठी लहान फेरी चांगली. पाचपाखाडीत कचराळी तलावाभोवतीची वाट मला त्यासाठी आवडते. कधीही थांबा, फाटक लांब नसतं. तलावपाळीला संध्याकाळी गर्दी एवढी की धक्का लागून तोल जातो, पहाटे ठीक.

ट्रान्सहार्बर
वाशीचा मिनी सीशोर सपाट आहे, +१. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबईसुद्धा सपाट आहे, पण तिथे नौपाडकर काका म्हणतात तसंच होतं, पूर्ण फेरी लांब पडते. मी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जाऊन परत येतो.

खारघरवासी
कचराळी म्हणजे पुढे मामलेदारची मिसळ आलीच की. तिखट खाऊन अंग तापलं तर ऊथॉफसाहेब काय म्हणतील?

जुना नौपाडकर
ताक मागवायला सांगतील.

सीवूड्स_४८
धागा दोन दिवस वाचतोय. सगळे चालण्याबद्दल बोलताय, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. माझ्या पत्नीला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढतच जाणारा प्रकार आहे, ती व्हीलचेअरवर आहे. कुर्ट्झकी नावाच्या डॉक्टरांची जी ० ते १० ची मोजपट्टी आहे, त्यात ६ ला काठी लागते, आम्ही त्याच्या बरेच पुढे गेलो आहोत. व्यायामाचं कुठेही विचारलं की लोक तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणतात, 'आता काय करणार.' एका केंद्रात तर पायरीवरूनच परत पाठवलं, रॅम्प नव्हता.

जे करतो ते सांगतो. सकाळी मी तिच्या पायांचे ताण काढतो. घोटा, गुडघ्यामागची शीर, मांडीची आतली बाजू. हळू न्यायचं आणि निदान ३० सेकंद धरून ठेवायचं, झटका दिला की स्नायू आणखी आखडतो. तिची स्नायू सैल करायची गोळी लागू झाल्यावर हे सोपं जातं. मग ती टेबलावर ठेवलेली हाताने फिरवायची छोटी सायकल चालवते, मराठी बातम्या संपेपर्यंत. बँडने खांदे-पाठ. खोल श्वासाचे व्यायाम, कारण बसून बसून छाती आखडते आणि खोकल्यातला जोर जातो. फिजिओ येतात त्या दिवशी आधार देऊन उभं करतात. उभं राहिल्यावर ती खिडकीतून खाली बघते आणि रस्त्यावर कोण कोण चाललंय ते मला सांगते.

चालणं परत येणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. पण खुर्चीतून पलंगावर जाताना ती आता हातांनी स्वतःला उचलते, मला पूर्वीसारखं सगळं वजन घ्यावं लागत नाही. माझी कंबर त्यामुळे वाचली. 'व्यायामाचा काय उपयोग' असं विचारणाऱ्यांना मी हे सांगतो.

चिंचेची बोटुकं
दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. वहिनींना नमस्कार सांगा.

फिजिओ_नेरूळ
सीवूड्स, २०२० च्या सूचनांमध्ये तुमच्या पत्नीसारख्यांचाही विचार आहे. त्याच मोजपट्टीवर ९ पर्यंतच्या, म्हणजे बहुतेक वेळ अंथरुणात असणाऱ्यांसाठीसुद्धा व्यायाम सांगितलाय. तुम्ही दोघं जे करताय ते अगदी बरोबर आहे. 'आता काय करणार' म्हणणाऱ्यांनी त्या सूचना वाचायला हव्यात.

पाणकोंबडी
पोहणाऱ्यांचं कुणी बोलतच नाही. पाण्यात अंग तापत नाही आणि पडायची भीती नसते. माझा उजवा पाय कडक आहे, जमिनीवर तो ओढत न्यावा लागतो, पाण्यात तो माझ्याबरोबर येतो. पाणी साधारण २७ ते २९ अंशांचं असावं. सांधेदुखीवाल्यांसाठी जे कोमट पाण्याचे हौद असतात ते आपल्याला जास्त गरम पडतात. उलट फार गार पाण्यातही कडकपणा वाढतो. मे महिन्यात दुपारी उघड्या तलावातलं पाणी तापलेलं असतं, सकाळची बॅच घ्या.

एका तलावावर मला 'फिट असल्याचं' सर्टिफिकेट मागितलं आणि आजाराचं नाव वाचून फॉर्म परत दिला. दुसरीकडे तिथल्या जीवरक्षक मुलाने स्वतःहून विचारलं, 'मावशी, कोणत्या बाजूने हात देऊ?' मी तिथे जाते. पोहता येत नसेल तरी छातीभर पाण्यात कठड्याला धरून चाला, तेही खूप आहे. ओल्या फरशीवर रबरी चपला हव्यातच.

चिंचेची बोटुकं
ज्यांना बाहेर पडणंच जमत नाही त्यांच्यासाठी माझा स्वयंपाकघरातला कार्यक्रम. ओट्याला धरून टाचा वर-खाली, कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत. मग एका पायापुढे दुसरा ठेवून उभं राहणं, दुसरी शिट्टी होईपर्यंत. मग खुर्चीवर बसणं-उठणं, हात न टेकता. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद आणि मीही बंद. कोपऱ्यात उभं राहिलं की दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर खुर्ची, मग तोलाचे व्यायाम सुरक्षित होतात. डोळे मिटून करायचे असतील तर घरात कुणीतरी जवळ हवं.

खारघरवासी
डाळ शिजायला चार शिट्ट्या लागतात आमच्याकडे.

चिंचेची बोटुकं
मग तुमची प्रगती जास्त होईल!

वेलदोडा
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. चार दिवसांत दहाएक जणांनी लिहिलं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) वेगळे आले, आणि 'अमुक ठिकाणी एमएसवाल्यांचा गट नियमित चालतो, ये' असं एकानेही लिहिलं नाही. ट्रेनर असो, तलाव असो, रॅम्प असो, प्रत्येकाला आपापलं एकट्याने शोधावं लागलंय. मला याचा राग येतोय. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन महानगरपालिकांची शहरं आहेत, इथे गल्लोगल्ली जिम आहेत आणि आपण ओट्याला धरून उभे आहोत.

जुना नौपाडकर
मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये मुंबईतच सुरू झाली. त्यांच्या मुंबई शाखेत नाव जरूर नोंदवा, मला तिथे माझ्यासारखी माणसं पहिल्यांदा भेटली. पण आठवड्यातून दोनदा घोडबंदरहून किंवा खारघरहून मुंबईला जाऊन व्यायाम करून परत येणं आपल्यातल्या बहुतेकांना झेपणार नाही. रोजचं काही घराजवळच हवं.

फिजिओ_नेरूळ
एक सुचवते. महिन्यातून एका शनिवारी सकाळी मी वेळ देते, फी नको. प्रत्येकाचं सहा मिनिटांचं चालणं, खुर्चीची चाचणी आणि तोल मोजू, कागदावर लिहून देऊ. त्यावरून प्रत्येकाचा वेगळा कार्यक्रम. मधल्या आठवड्यांत ठाण्याचे ठाण्यात आणि नवी मुंबईचे इकडे, दोन-तीन जणांनी एकत्र येऊन करायचं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. ज्यांचं चालणं होत नाही त्यांच्यासाठी हाताची ताकद आणि पलंगावर जाण्यातली सोय मोजू. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी मात्र प्रत्येकाने आणायची, त्यावर कोणती औषधं चालू आहेत तेही हवं.

डंबेल
मी आणि मित्र येतो. खुर्च्या लावणं, व्हीलचेअर उचलणं, जे लागेल ते. आमच्या जिमच्या मालकांना विचारलं, रविवारी दुपारी दोन तास हॉल रिकामा असतो, एसी चालू ठेवतील. तळमजल्यावर आहे.

सीवूड्स_४८
दाराला उंबरा आहे का? आणि दाराची रुंदी किती?

डंबेल
उद्या टेपने मोजून सांगतो. उंबरा नाही, एक पायरी आहे. फळीचा उतार करून घेता येईल.

ट्रान्सहार्बर
शौचालय हॉलच्या आतच आहे की बाहेर? आत असेल तर मी नक्की येतो, बाहेर असेल तर आधी पाहून घेऊ. दुपारची वेळ मात्र प्रवासाला वाईट, ऊन डोक्यावर असतं. सकाळी आठचं जमतंय का विचार ना.

फिजिओ_नेरूळ
सकाळ असेल तर माझा शनिवार बदलून रविवार करते. खुर्च्या चाकांच्या नकोत, हात असलेल्या आणि न सरकणाऱ्या हव्यात, निदान सहा. भिंतीलगत तीन मीटरची मोकळी पट्टी आणि चालायला जेवढी सलग लांबी मिळेल तेवढी.

वेलदोडा
नावं माझ्याकडे व्यनिने पाठवा : कुठून येणार, काठी / स्प्लिंट / व्हीलचेअर काय वापरता, उन्हाचा त्रास किती, आणि सोबत कुणी असणार का. ठाण्याहून येणाऱ्यांसाठी माझ्या गाडीत तीन जागा आहेत. सासूबाईंनी चौथी आधीच धरून ठेवली आहे, त्यांना हे सगळं स्वतः बघायचं आहे.

कळव्याचा भाचा
दोन जागा आमच्या. मामांची चिठ्ठी अपॉइंटमेंट झाल्यावर आणतो.

डंबेल
सकाळी आठ चालेल म्हणाले. शौचालय आतच आहे, पण दार आत उघडतं, व्हीलचेअर गेल्यावर बंद होणार नाही. पडदा लावू का?

सीवूड्स_४८
पडदा चालेल.